उडीचा पाय

नारूनं ज्याचा पाय धरलाय त्यानं हे वाचावं. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्यावं. मलाही मराठी लिहिणं धड जमत नाही. मी बोलतो आणि आमच्या शाळेचे मास्तर लिहून घेतात. मध्येच थांबतात आणि विचारतात, "हे पण लिहू का?" म्हटलं, लिहा. लाज वाटायची ती वाटून झाली. तसं म्हणतो खरं, पण सांगायला बसलो की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

आधी माझा धंदा सांगतो. त्याशिवाय ह्या पायाचं दुखणं कळायचं नाही.

मी रंगनाथ. केजजवळच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलो. घरातले सगळे बेताच्या उंचीचे, मी एकटाच ताडासारखा वाढलो. तरणा होतो तेव्हा हैदराबादेला एका नवाबसाहेबांच्या तबेल्यात घोड्यांच्या चाकरीला गेलतो. नवाबसाहेबांना खेळांचा लई शौक. पोलोची टीम होती, फुटबॉलची होती, आणि मद्रासकडून एक मास्तर आणून त्यांनी नवीनच खूळ काढलं होतं, बास्केटबॉलचं. उंच खांबावर फळी, फळीला लोखंडी कडं, कड्याला जाळी, आणि त्यात चेंडू टाकायचा. मी एकदा शिडी न लावता माळ्यावर कडबा चढवत होतो, ते त्या मास्तरानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या हातातला खरारा गेला आणि चेंडू आला. तिथून पुढं मला पगार मिळाला तो खेळायचाच.

त्या वेळी एकदा चेंडू कड्यातून गेला की पुन्हा मैदानाच्या मधोमध आणायचे आणि वर उडवायचे. दोन्हीकडचा एकेक गडी उडी मारायचा आणि आपल्या माणसांकडं तो टोलवायचा. ती मधली उडी माझी. डावा पाय टेकायचा आणि वर जायचं. वर गेल्यावर क्षणभर खालचं काही ऐकू यायचं नाही, आणि खाली आलो की सगळं मैदान "लंबू! लंबू!" करत असायचं. अर्ध्या चड्डीतला मी, आणि टाळ्या वाजवणारे शेरवानीवाले. खोटं कशाला बोलू, ती टाळी अंगात भिनली होती.

मग गुडघे कुरकुरायला लागले. कॉलेजातला एक पोरगा माझ्याहून वर जायला लागला. नवाबसाहेबांनी मला शाल पांघरून निरोप दिला. काय पाहिजे विचारलं तर मी जुनं कडं मागितलं, कारण मैदानावर नवीन बसवणार होते. ते खांद्यात अडकवून गावी आलो.

थोरला भाऊ माणिकदादा ओसरीवर बसला होता. त्यानं कडं हातात घेतलं आणि त्यातून माझ्याकडं पाहिलं.

"येवढी वर्सं काय केलंस बे तिकडं?"

"ह्याच्यात चेंडू टाकायचो, दादा."

"आन् मंग?"

"मंग खालून बाहेर यायचा."

"तळ न्हाई ह्येला?"

"न्हाई."

"तळ न्हाई तर टाकायचा कावून?"

असं मला हैदराबादेत कुणी विचारलं नव्हतं. गावात माझं नाव 'टोपली पैलवान' पडलं. दादानं कडं परसातल्या लिंबाच्या झाडाला ठोकून दिलं, आणि सोजर, माझी बायको, त्यावर धुतलेली फडकी वाळत घालायला लागली. इतकी वर्षं ती गावातच राहिली होती. सणासुदीला येणारा नवरा आता रोज घरात दिसायला लागला, त्याचं तिलाच नवल वाटायचं.

*

नारू ओळखायला डॉक्टर लागत नाही. गावी येऊन वर्ष उलटलं होतं, उन्हाळा होता. डाव्या घोट्याच्या वर फोड आला. निखारा ठेवल्यासारखी आग. सोजरनं गार पाण्याची धार धरली तसा फोड फुटला आणि आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं.

"नारू हाय," ती म्हणाली. भाकरी करपली म्हणावं इतक्या साधेपणानं म्हणाली.

मला मात्र आधी वाटली ती भीती नव्हे, लाज. मी हैदराबादेत नळाचं पाणी प्यालेला माणूस. साबणानं अंघोळ करणारा. गावातल्या लोकांच्या पायाला चिंध्या बांधलेल्या दिसायच्या तेव्हा मी नाक मुरडायचो. आता माझ्याच पायात, तेही उडीच्या पायात, किडा. मी सोजरला म्हटलं, कुणाला सांगू नकोस. ती म्हणाली, "सांगायचं काय त्यात? लंगडत जाल तवा दिसंलच की."

ती रोज सकाळी दोऱ्याचं टोक तुरीच्या काडीवर गुंडाळायची. येईल तेवढंच. अडला की थांबायचं, काडी पायाला बांधून ठेवायची, उरलेलं उद्या. मी म्हणायचो, अगं जरा ओढ की. ती म्हणायची, "त्यो काय तुमच्या बापाचा नोकर हाय? त्येच्या मनानं येतोय."

दुपारी आग सोसवायची नाही. मग मी काठी टेकत बारवेवर जायचो. गावाचं प्यायचं पाणी त्याच बारवेचं. पायऱ्या उतरून खाली जायचं आणि पाण्यात पाय सोडून बसायचं. पाणी लागलं की जीव निवायचा. मी एकटा नव्हतो, सगळे नारूवाले तिथंच. एका बाजूला आम्ही ओळीनं पाय सोडून बसलेले, दुसऱ्या बाजूला बायका घागरी बुडवतायत. सोजरही तिथंच भरायची. आमच्या बाजूला बघून हसायची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजे-पणजे तसेच बसायचे.

*

त्यात हमीद आला. हमीद म्हणजे माझ्याबरोबर खेळलेला गडी, आता नवाबसाहेबांच्या टीमला शिकवायचा. केजपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं, एवढं लांब माझ्यासाठी. मी घोंगडी पायावर ओढून घेतली.

"क्या लंबू, पाँव कू क्या हुआ रे?"

"मोच आयी."

नारू म्हणायला जीभ वळली नाही. हमीद खूश होता. नवाबसाहेबांकडं शादी होती. जुन्या आणि नव्या गड्यांचा सामना ठरला होता, आठवड्यावर आला होता. "नवाबसाब बोले, बीच का उछाल लंबूच मारेगा. दुसरा कोई नै." मी म्हटलं, येतो. तो चहा पिऊन, दादाशी दोन शब्द बोलून, त्याच गाडीनं परत गेला.

मी गोठ्यामागं गेलो. काडीवर थोडाच आला होता, बाकीचा आत. सोजरच्या हिशेबानं चाललं असतं तर सामना होऊन गेला असता. मला ती टाळी ऐकू येत होती. मी दात आवळले आणि काडी धरून ओढली. आधी आला, सरसर आला. मग तुटला. उरलेला आत गेला.

नारू आहे त्यांनो, माझं एवढंच ऐका. ओढू नका. लग्न असो, पेरणी असो, नवाबाचं बोलावणं असो, ओढू नका.

*

दुसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला. ताप असा की मी सोजरला हमीद म्हणत होतो. हैदराबादला कुणी कळवलंच नाही. हमीदला वाटलं असेल, लंबूला घमेंड चढली. आजही त्याला तसंच वाटत असेल.

दादानं बैलगाडीनं केजला आणि तिथून मोटारीनं बीडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मोटारीतून उतरवताना त्यानं मला पाठुंगळी घेतलं. दादा माझ्या खांद्याला लागतो. त्याच्या पाठीवर मी, आणि माझे दोन्ही पाय मातीत रेघा ओढत मागं. बाजारचा दिवस होता. लोक थांबून बघत होते. टाळ्या तेवढ्या नव्हत्या.

दारातल्या कारकुनानं विचारलं, "क्या काम करता ये?"

दादा धापा टाकत म्हणाला, "काई न्हाई साहेब. टोपल्यात चेंडू टाकतो."

आतले सगळे आजारी हसले. ज्याच्या पोटाला टाके होते तोही हसला आणि कळवळला. मी डोळे मिटून घेतले.

खाट मला पुरेना. पाय गजांतून बाहेर जायचे, जो तो जाता-येता आपटायचा. शेजारच्या खाटेवर उमापूरचे एक म्हातारे होते, हात मोडलेला. सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांनी आपली खाट बाजूला ओढवून घेतली आणि आपल्या धोतराची घडी माझ्या टाचांखाली ठेवायला लावली. "पैलवान, पाय हिकडं माझ्या मुलखात आला तरी चालंल. पर ठणकला तर बोंबलायचं न्हाई, मला झोप लागत न्हाई." त्या दवाखान्यात मला पहिल्यांदा हसू आलं ते ह्या बोलण्यावर.

सकाळी पट्टी सोडायचे. पट्टी चिकटलेली असायची. डॉक्टरांनी मांडीला चिरा देऊन पू काढला, आणि रोज कंपाउंडर त्यात वात सारायचा. चार माणसं धरायला लागायची आणि मी बोंबलायचो, आबांना दिलेला शब्द विसरून. दुपारी दवाखान्याच्या आवारात सोजर तीन दगड मांडून भाकरी करायची. शौचाचं भांडं धरायचीही तीच. तिच्यासमोर भांड्यावर बसायचं म्हणजे मरणाहून वाईट. मी भिंतीकडं तोंड करायचो. ती म्हणायची, "बघा भिताडाकडं. भिताडाला काय लाज हाय, तुमालाच सगळी."

सूज उतरली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टर दादाला म्हणाले. मला कुणी सांगितलं नाही, पण दादा माझ्याशी गोड बोलायला लागला तेव्हा मी समजलो. त्या भीतीचं काय सांगू? माझ्याकडं दुसरं काही नव्हतंच. शेती येत नव्हती, लिहिणं येत नव्हतं. उंची होती आणि पाय होते. सोजरनं नवस बोलला, पाय वाचू दे, ह्यांना घेऊन कपिलधारला दर्शनाला येईन. आबा म्हणाले, "बाई, चालत का गाडीत ते बोलून घ्या आधी."

नंतर पाऊस तोंडावर आला तसा दादा चिडचिडा झाला. गोड बोलणं संपलं. "हातभर किड्यापायी माझी पेरणी बुडाया लागली," म्हणाला आणि त्या दिवशी निघून गेला. मला राग आला नाही. खरंच बोलला होता. पण सोजर त्याच्या मागं दारापर्यंत गेली आणि तिनं त्याच्या फडक्यात भाकरी बांधून दिली.

*

सूज उतरली. पाय वाचला. गुडघा मात्र लाकडाचा झाला, वाकेना. डॉक्टर खाटेवर बसले, हातानं वाकवून पाहिला आणि मान हलवली. मग विचारलं, पाणी कुठलं पिता? मी बारव सांगितली. "नारू निकला तब उस पानी में पाँव डालके बैठते थे?"

मी म्हटलं, हो, सगळेच बसतात.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की नारूची पिल्लं त्या पाण्यात सुटतात, डोळ्याला नीट दिसत नाहीत असल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, आणि जो ते पाणी पितो त्याला साल उलटल्यावर नारू निघतो. "तुम्हारे पाँव से जो निकला, वो किसी और के पाँव से निकलेगा. पानी कपडे से छानके पीना. और वहाँ पाँव मत डालना, सबको बोलो."

सोजर खाटेच्या पायथ्याशी उभी होती, हातात भाकरीचं फडकं. डॉक्टर गेल्यावर तिनं विचारलं, "काय म्हनले?"

ते उर्दूत बोलले होते. हैदराबादेत राहिलेला मी, उर्दू माझी. मी म्हटलं, "म्हणले, पाणी गाळून प्या."

"आन् एवढंच?"

"एवढंच."

तिनं फडकं सोडलं आणि मला भाकरी वाढली.

*

गावी आलो तो काठीवर, एक पाय ताठ. लिंबाच्या झाडाखाली बाजेवर पडून राहायचो. वर ते कडं. एक दिवस सोजर घागर घेऊन आली आणि माठाच्या तोंडावर फडकं धरून पाणी ओतायला लागली. एका हातानं घागर पेलवेना, फडकं सारखं आत पडायचं. मी बघत होतो. मग म्हटलं, थांब. दादाला सांगून कडं झाडावरून काढवलं. सोजरनं आपल्या जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं त्यावर ताणून सुईदोऱ्यानं शिवलं. माठावर बरोबर बसलं. वरून पाणी ओतायचं, खाली गाळलेलं जायचं.

दादा कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला. "आता बसवला व्हय तळ," म्हणाला.

शेजारची जैनबबी आली आणि आपली घागर त्यातून गाळून घेऊन गेली. मग आणखी दोघी-तिघी यायला लागल्या. बाकीच्या हसल्या. टोपली पैलवानाची टोपली म्हणाल्या. मी बारवेवर गेलो आणि पाय सोडून बसणाऱ्यांना म्हटलं, पाण्यात पाय घालू नका, डॉक्टरांनी सांगितलंय, पाय सडतो. दोघं उठले. त्यांनी विचारलं असतं की तुमच्यामुळं काही झालं का, तर मी काय सांगणार होतो? 'पाय सडतो' एवढं सांगून मी माझा पाय सोडवून घेतला.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. सोजर अंगणात सारवत असली की मी तिचे घोटे बघायचो. चूल फुंकताना तळवे बघायचो. ती पाय खाजवायला वाकली की मी बाजेवर उठून बसायचो. आता आम्ही गाळून पीत होतो, पण त्या उन्हाळ्यात तिनं भरलेल्या घागरी तर पोटात गेल्या होत्या. कपिलधारलाही जाऊन आलो. पायऱ्या उतरता येईनात, म्हणून वरूनच हात जोडले. काय मागितलं ते सोजरनं विचारलं नाही.

*

पुन्हा उन्हाळा आला. एका सकाळी सोजर जात्यावरून उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. उजव्या पावलावर फोड होता.

"आला," ती म्हणाली.

मी तिला लिंबाखाली बाजेवर बसवलं. पाण्याची धार धरली, फोड फुटला, दोऱ्याचं टोक आलं. तुरीची काडी आणली. माझा गुडघा वाकत नाही, त्यामुळं ताठ पाय पुढं पसरून मी जमिनीवर बसलो आणि तिचं पाऊल मांडीवर घेतलं. तिनं झटकन मागं ओढलं.

"अवो, सोडा! बाईच्या पायाला हात लावत्यात व्हय? दादा ओसरीवर हायेत. लोकं बघत्यात."

जैनबबी कुंपणापलीकडून बघत होती, आणि पाणी गाळायला आलेल्या दोघी घागरी घेऊन तशाच उभ्या होत्या. आमच्याकडं नवऱ्यानं बायकोचा पाय धरला तर गाव वर्षभर हसतं. मी म्हटलं, "बघू दे. मला हजार माणसांनी अर्ध्या चड्डीत बघितलंय." आणि पाऊल पुन्हा मांडीवर घेतलं.

ज्या बोटांनी धावता धावता चेंडू झेलला, त्यांना ते एवढंसं टोक काडीवर बसवता येईना. मग मान खाली घालूनच म्हटलं, "सोजर, हे माझ्यामुळं झालं. डॉक्टर म्हणले होते. माझ्या पायातलं बारवेच्या पाण्यात गेलं आणि..."

"ठावं हाय मला."

मी वर पाहिलं.

"म्या ऐकलं व्हतं तवाच. 'तुम्हारे पाँव से जो निकला.' समदं ऐकलं."

"तुला उर्दू कळते?"

तिनं कुंपणाकडं हनुवटी केली. "जैनबबीच्या शेजारी जलम चाललाय माझा. केजच्या बाजारात म्या काय मुक्यानं सौदा करते? निजामाच्या राज्यात तुमी एकलेच ऱ्हाता व्हय?"

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"तुमी कवा सांगताय ते बघत व्हते."

मला तोंड वर करवेना. तिच्या पावलावर पाणी पडलं. ते माझ्याच डोळ्यातलं होतं, आणि अंगणात सगळे होते. ओसरीवरून दादा उठला, आत गेला आणि पाण्याचा तांब्या आणून आमच्याजवळ ठेवला. कुणी हसलं नाही. हसले असते तरी चाललं असतं.

त्याच दुपारी काठी टेकत बारवेवर गेलो आणि खरं काय ते मोठ्यानं सांगितलं. काहींनी शिव्या दिल्या, त्या खाल्ल्या. ज्यांच्या घरी त्या उन्हाळ्यात नारू निघाला होता, त्यांच्या दारात जाऊनही सांगितलं. आणि आता मास्तरांना लिहायला बसवलंय.

पण ते नंतरचं. त्या सकाळी सोजर बाजेवर टेकली, पाऊल माझ्या मांडीवर सैल सोडलं आणि म्हणाली, "सांगितलं न्हवं आता? मंग गुंडाळा. पर ओढू नका."

"न्हाई ओढत."

मी काडीला एक वेढा दिला. दुसरा दिला. अडला तिथं थांबलो, काडी तिच्या पावलाला बांधली, आणि उरलेलं उद्यावर ठेवलं.